'रॅप्सोडी'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'दडलेला अर्थ' म्हणजे नक्की कोणता?

प्रश्न : मांजलपूर, वडोदरा

नमस्कार मंडळी. आमच्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला यंदा मुलं क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं 'बोहेमियन रॅप्सोडी' वाजवणार आहेत आणि निवेदन माझ्याकडे आलंय. समोरची निम्मी माणसं सत्तरीच्या पुढची, नाट्यगीतांवर वाढलेली. हे गाणं त्यांच्यावर एकदम आदळू नये, आधी दोन मिनिटं त्याच्याबद्दल बोलावं अशी माझी इच्छा आहे.

मी लिहिलं, 'या गाण्याचा गूढार्थ आजवर कुणालाच उलगडलेला नाही.' बाबांनी वाचलं आणि म्हणाले, "गूढार्थ नको. हे काय अभंगाचं निरूपण आहे?" मग 'गर्भितार्थ' केलं. तेही त्यांना खटकलं, पण का ते सांगता येईना. तर या दोन शब्दांत फरक काय, आणि इथे कोणता बसेल? शिवाय 'रॅप्सोडी'ला मराठी शब्द आहे का? कोशात 'भावगीत' दिसलं, पण गाणं ऐकल्यावर ते कोणालाच पटणार नाही.

रावपुऱ्याहून

'गर्भितार्थ' वर्तमानपत्रात शोभतो. पुढारी एक बोलतो आणि त्याच्या पोटात दुसरंच असतं, तो गर्भितार्थ. म्हणजे बोलणाऱ्याला तो पक्का ठाऊक असतो, फक्त उघड बोलायचा नसतो. गाण्याला नाही चालणार. 'मर्म' लिहा, सुटसुटीत आहे.

दांडिया बाजारातून

ताई, तुमच्या वडिलांचा कान बरोबर आहे. या शब्दांकडे जरा सावकाश पाहू, कारण गाणं कसं ऐकायचं हेही त्यावरच ठरणार आहे.

'गूढ' आणि 'गुहा' एकाच घरातले, दोन्हींच्या मुळाशी झाकणं, लपवणं आहे. गूढार्थ म्हटलं की वर एक झाकण आणि खाली काहीतरी ठेवलेलं, असं चित्र उभं राहतं. झाकण काढलं की वस्तू हाती. 'कूट' त्याच्याही पुढचं. कूट म्हणजे कोडं, आणि कोड्याला उत्तर असतंच. आता या गाण्याचं काय झालं बघा. पन्नास वर्षं लोक उत्तर शोधतायत. कोणी म्हणतं, ही फाशीच्या आदल्या रात्रीची कैद्याची कबुली. कोणी म्हणतं, गायकाच्या स्वतःच्या लैंगिकतेची कबुली. इराणमध्ये २००४ साली क्वीनच्या गाण्यांची कॅसेट अधिकृतपणे निघाली, तेव्हा सोबतच्या पत्रकात समजावून सांगितलं होतं की या तरुणाच्या हातून चुकून खून झालाय, त्याने सैतानाला आत्मा विकलाय आणि शेवटी तो देवाला हाक मारतोय. ज्याने गाणं लिहिलं आणि गायलं त्या फ्रेडी मर्क्युरीने मात्र अखेरपर्यंत अर्थ सांगायचं नाकारलं. म्हणून मला वाटतं, हे कूट नव्हेच. उत्तर कुठे लपवलेलंच नाही.

मग शब्द कोणता? मी 'ध्वन्यर्थ' म्हणेन. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनांचा, नवव्या शतकातला. एक अर्थ सरळ शब्दाचा, दुसरा लक्षणेचा, आणि तिसरा नुसता सुचणारा. आपल्या गावातलं उदाहरण देतो. 'आमचं घर सुरसागरावर आहे.' पाण्यावर घर नसतं, काठावर असतं, हा झाला लक्ष्यार्थ. पण आपण 'सुरसागराजवळ' न म्हणता 'सुरसागरावर' म्हणतो तेव्हा संध्याकाळचा वारा, पाण्यातले दिवे, 'आमचं' म्हणण्यातला अभिमान, हे सगळं न सांगता पोचतं. ते कुठे दडलेलं नसतं. शब्द उच्चारल्यावर तो मागे घुमत राहतो, तो ध्वनी.

आणि इथे भाषेनेच आपलं काम सोपं केलंय. 'ध्वनी' म्हणजे सुचलेला अर्थ आणि 'ध्वनी' म्हणजे आवाजही. या गाण्याला दोन्ही एकाच वेळी लागू पडतात.

मांजलपूरहून

काका, ध्वनीचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. पण आवाज आणि अर्थ एकत्र कसे ते गाण्यातल्याच शब्दांवर दाखवाल का? 'गॅलिलिओ', 'फिगारो', 'बिस्मिल्ला' हे ऐकून पोरंसुद्धा म्हणतात की हे निरर्थक आहेत, नुसते छान वाजतात म्हणून घातलेत.

दांडिया बाजारातून

छान वाजतात म्हणून घातलेत हे खरं असू शकेल. निरर्थक आहेत हे मात्र मला मान्य नाही.

आधी नावच घ्या. २०२३ साली लंडनमध्ये फ्रेडीच्या वस्तूंचा लिलाव झाला, त्याआधी त्याच्या हस्ताक्षरातले या गाण्याचे कच्चे खर्डे बाहेर आले. एका कागदावर आधी 'मंगोलियन रॅप्सोडी' लिहिलंय, मग 'मंगोलियन' खोडून 'बोहेमियन' केलंय. दोन्ही नावं मोठ्याने म्हणून बघा. मं-गो-लि-यन, बो-हे-मि-यन. चार अवयव, वजन सारखं. माझा तर्क असा, की शब्दाचं वजन आधी ठरलं आणि त्या वजनात बसणारा अर्थ मागून आला. आणि आला तो केवढा मोठा आला! बोहेमिया हा आजच्या चेक देशातला प्रांत. फ्रेंच लोकांना वाटलं की भटके रोमा तिथूनच आले, म्हणून ते त्यांना बोहेमियन म्हणू लागले. पुढे पॅरिसमधले घरदार, रीतभात न मानणारे कलावंतही बोहेमियन झाले. मराठीत याला 'कलंदर' इतका जवळचा शब्द दुसरा नाही. तोही आधी भटक्या फकिरांचा होता, मग मनस्वी माणसांचा झाला.

आता मधला ऑपेराचा, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या ढंगाचा भाग. साधारण तीन मिनिटांनी गिटार थांबते, पियानोचे तुटक ठोके सुरू होतात आणि एक नाव येतं, 'स्कॅरामूश'. जुन्या इटालियन लोकनाट्यातलं हे ठरलेलं पात्र. काळे कपडे, तोंडाने मोठ्या बढाया, आणि वेळ आली की पळ काढणारा. महाराष्ट्रात असता तर सोंगाड्या म्हटलं असतं. आपण इथले, आपल्याला भवाईतला, म्हणजे गुजराती लोकनाट्यातला विदूषक रंगलो जास्त जवळचा. त्याला गाण्यात विचारतात, 'फँडँगो नाचशील का?' फँडँगो हा स्पॅनिश नाच. म्हणजे आत्तापर्यंत जो मुलगा आईजवळ रडत होता तो अचानक रंगमंचावर उभा आहे आणि समोर सोंगं नाचतायत. हा बदल शब्दाचा कोशातला अर्थ सांगत नाही. तो रंगलोच्या नुसत्या प्रवेशाने कळतो.

'गॅलिलिओ' तर आवाजाचाच खेळ. बँडचा ड्रमवादक रॉजर टेलर उंच आवाजात हाक मारतो, खालच्या पट्टीतून उत्तर येतं, परत वर, परत खाली. खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओला १६३३ साली धर्मसत्तेपुढे आपलं म्हणणं मागे घ्यावं लागलं. ज्या गाण्यात एका माणसाला घेरून 'सोडा' आणि 'सोडणार नाही' चाललंय, त्यात हे नाव वर-खाली फेकलं जातं तेव्हा मला तरी ती सुनावणी आठवते. फ्रेडीच्या मनात ती होती असं मी म्हणत नाही. ध्वन्यर्थाला कवीची सही लागत नाही.

'बिस्मिल्ला'कडे मात्र आपण बडोदेकरांनी थांबायला हवं. ज्या गावात मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली, जिथे फैयाजखाँ दरबारात गायले, तिथे हा शब्द परका नाही. बिस्मिल्ला करणे म्हणजे आपल्या भाषेत श्रीगणेशा करणे, देवाच्या नावाने आरंभ. गाण्यात तो भांडणाच्या ऐन मध्यात येतो, 'देवाशप्पथ, नाही सोडणार' अशा सुरात. आरंभाचा शब्द अडवणुकीला वापरलाय, म्हणून तो अंगावर येतो. फ्रेडीचा जन्म झांजीबारचा, १९४६चा. तिथली बहुतेक वस्ती मुसलमान. घर पारशी. शाळा आपल्या पाचगणीची. त्याच्या कानावर हा शब्द लहानपणीच पडला असणार असं मला वाटतं.

कारेलीबागेतून

'मम्मा मिया' राहिलं की.

दांडिया बाजारातून

राहिलं खरं, आणि या गाण्यात मला सर्वांत प्रिय तेच आहे.

गाण्याच्या पहिल्या भागात मुलगा खऱ्या आईला हाक मारतो. आपल्या हातून माणूस मेला हे तिला सांगतो. तिथे 'ममा' म्हणजे आई, समोर बसलेली. पुढे ऑपेरात तोच शब्द 'मम्मा मिया' होऊन येतो. इटालियनमध्ये शब्दशः 'माझी आई', पण वापरात तो नुसता उद्गार, आश्चर्याचा नाहीतर घाबरल्याचा. आई त्यात उरलेली नसते.

मराठीत हे समजावून सांगावंच लागत नाही. बोट दारात चेमटलं की आपण 'आई गं!' म्हणतो. साठ वर्षांचा माणूस म्हणतो, जिची आई कधीच गेली ती आजीही म्हणते. हाक कोणाला नसते. आणि तरीही ती हाकच असते. पुढे 'मम्मा मिया, मला सोडा' असं येतं तेव्हा जमावाच्या त्या गलक्यात मला पुन्हा पहिल्या भागातली आई ऐकू येते. गाण्याचे तुकडे एकमेकांना जोडणारा दोरा शोधत असाल तर तो हा एक शब्द आहे. तुमच्या निवेदनात एवढं जरी सांगितलंत तरी समोरच्या आजी गाणं बरोबर ऐकतील.

मांजलपूरहून

काका, हे जसंच्या तसं घेते. दोऱ्यावरून आठवलं, 'रॅप्सोडी'चं काय?

दांडिया बाजारातून

मूळ ग्रीक शब्द दोन शब्दांचा. एक शिवणं, दुसरा गाणं. रॅप्सोडी म्हणजे शिवलेलं गाणं. होमरची महाकाव्यं गावोगाव म्हणून दाखवणाऱ्यांना याच शब्दावरून नाव पडलं, कारण ते कथेचे तुकडे आवाजाने जोडत जायचे. आपल्याकडचे कीर्तनकार किंवा माणेवर, म्हणजे धातूच्या घागरीवर, अंगठ्यांचा ताल धरून गुजराती कवी प्रेमानंदाची आख्यानं गाणारे माणभट्ट, त्यांच्याच जातकुळीतले.

म्हणून मी सुचवतो, 'वाकळ'. किंवा सरळ 'गोधडी'. गुजरातीतही गोदडीच. माझ्या आजीने शिवलेली एक गोधडी अजून घरात आहे. एक तुकडा तिच्या हिरव्या नऊवारीचा, त्याला लागून आजोबांच्या धोतराचा पांढरा, मध्येच कोणाच्या तरी परकराची लाल फुलं. कापडं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. पण बोट फिरवलं की धावदोरा या कडेपासून त्या कडेपर्यंत लागतो, एका मापाचा, एका हाताचा.

हे गाणं तसंच आहे. आधी वाद्यांशिवाय आवाज, मग पियानोवरचं संथ गाणं, मग गिटार, मग ऑपेरा, मग दणदणीत रॉक, आणि शेवटी परत संथ होऊन झांजेसारखा गाँगचा एक टोला. ध्रुवपद नाही. अंतरा संपून मुखड्यावर यावं तर मुखडाच नाही. ५ मिनिटं ५५ सेकंद, तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यांच्या जमान्यात. १९७५च्या ऑक्टोबरअखेर आलं आणि ब्रिटनमध्ये ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. हा रॉक की ऑपेरा, असं लोक विचारतात. गोधडी सुती की रेशमी असं कोणी विचारतं का?

रावपुऱ्याहून

काकांचा आदर राखून विरोध नोंदवतो. 'वाकळ' म्हटलं की गरिबी आणि फाटकेपण डोळ्यांपुढे येतं. ऑपेराच्या त्या भागासाठी तिघांच्या आवाजांचे थर एकावर एक चढवायला तीनेक आठवडे लागले, टेप घासून इतकी पातळ झाली की उजेडासमोर धरल्यावर पलीकडचं दिसायचं, असं सांगतात. इतक्या कारागिरीला वाकळ? संगीतातला 'रागमाला' शब्द तयार आहे की. ओळीओळीला राग बदलतो, तरी चीज एकच.

दांडिया बाजारातून

रागमालेचा विचार मीही केला होता. पण माळेत मणी सुटे राहतात, दोरा आत लपतो. गोधडीत दोरा वर दिसतो. या गाण्यात सांधे लपवलेले नाहीत, ऑपेरातून रॉकमध्ये उडी पडते ती पडल्यासारखीच ऐकू येते. आणि वाकळीला कारागिरी नाही हे मी मान्य करणार नाही. एकेक थर, एकेक टाका, हात दुखेपर्यंत. उजेडासमोर धरलं की आरपार दिसणारी टेप म्हणालात ना? आमची गोधडीही मधोमध तशीच झालीय.

बाकी 'वाकळ' सगळ्यांना रुचेल असं नाही, हे खरं. नवा शब्द रुळवायला माणसं लागतात. सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांमधला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' १९३१ साली छापवून घेतला, तेव्हा त्यातलेही कितीतरी शब्द लोकांना अनोळखीच वाटले असतील.

मांजलपूरहून

मी असं लिहिलंय, बघून सांगा : 'कलंदराची गोधडी. वेगवेगळ्या कापडांची, एका हाताने शिवलेली. अर्थ शोधत बसू नका, ध्वनी ऐका. आणि आईला मारलेली हाक कुठे कुठे येते तेवढी मोजा.' 'वाकळ' गाळली, रावपुऱ्याच्या दादांचं थोडं मानलं. बाबांनी वाचून फक्त मान हलवली, म्हणजे पसंत आहे.

एकच राहिलं. फ्रेडीचं खरं नाव सांगताना 'फारुख बुलसारा' लिहू की 'बलसारा'? नेटवर 'बुलसारा'च दिसतं.

दांडिया बाजारातून

'बुलसारा' इंग्रजी अक्षरांवरून आलंय. इंग्रज वलसाडला 'बुलसार' लिहायचे, त्यावरून आडनाव. आपण जसं सातारकर, नागपूरकर म्हणतो तसंच, वलसाडकर. मुंबईच्या गाडीत बसलं की सुरत, नवसारीनंतर ते स्टेशन येतं, तुमच्या मंडळातल्या प्रत्येकाने पाहिलेलं. गुजरातीत आडनाव 'बलसारा' लिहितात. तेच लिहा, आणि म्हणताना 'ब'वर जोर देऊ नका.