मदत हवी आहे: ट्रोलिंग मोटरमध्ये तेल भरून २० मीटर खाली नेता येईल का?

नमस्कार मंडळी,

घरी छोटी पाणबुडी बनवतोय. माणूस न बसणारी, केबलवर चालणारी. तिला १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर लावायची आहे. ही मोटर होडीच्या मागे, पाण्याखाली हात-दोन हात चालावी अशी बनवलेली असते. मला ती २० मीटरपर्यंत न्यायची आहे. दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो, म्हणजे तळाशी शाफ्टच्या सीलवर (फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या कड्यावर) बाहेरून २ बार! मोटर उघडून पाहिली, तर आत एकच ऑइल सील.

आतबाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून मोटरमध्ये तेल भरून रबरी फुगा जोडायचा विचार आहे. काळजी ब्रशची (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची) वाटते. कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या फिरत्या कड्यावर, तेलाचा थर बसला की कार्बन ब्रश उचलले जातात, ठिणग्यांनी तेल काळं पडतं आणि करंटही जास्त लागतो.

कोणी प्रत्यक्ष केलंय का? ट्रान्सफॉर्मर ऑइलसारखं पातळ तेल चालेल का? ब्रशच्या स्प्रिंग जास्त कडक घालाव्यात का? की सरळ ब्रशलेस मोटर घेऊन, वाइंडिंगला (तांब्याच्या तारांच्या वेटोळ्यांना) इपॉक्सी लावून ती पाण्यातच उघडी चालवावी? बेअरिंग गंजण्याचं मग काय करता, तेही कृपया सांगा.