बॅटरीच्या कारखान्यात आयटीआयवाल्याला खरंच काम मिळेल का?

पैठणरोडकर: आयटीआय इलेक्ट्रिशियनचं दुसरं वर्ष चालू आहे. बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत एथर या इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीचा कारखाना 2024 ला जाहीर झाला. स्कूटर आणि बॅटरी पॅक मिळून 4,000 च्या आसपास नोकऱ्या, असं पेपरात आलं होतं. वडील म्हणतात, जमिनी गेल्या, आता पोराला नोकरी तरी लागू दे. आमच्यासारख्यांना आत नेमकं काय काम असतं?

चाकण_सेकंड_शिफ्ट: भावा, मी चाकणला कारच्या पॅकच्या लाइनवर आहे, आधी प्रेस शॉपला होतो. सेल म्हणजे एकेक सुटी बॅटरी, आणि असे बरेच सेल जोडून पॅक होतो. सेल बनवणं वेगळं आणि पॅक बांधणं वेगळं, हे आधी समजून घे. सेलला ओलावा चालत नाही, तिथं बहुतेक सगळं मशीन करतं, माणसं मोजकी. तेलंगणात दिवितिपल्लीला अमरराजा या बॅटरी कंपनीने 9,500 कोटी गुंतवणूक आणि थेट नोकऱ्या 4,500 सांगितल्या. म्हणजे एका नोकरीमागे दोन कोटींच्या वर! एथरने बिडकीनसाठी 2,000 कोटी सांगितले, तिथं हेच गणित 50 लाखांवर येतं. आपल्या हाताला काम आहे ते पॅकमध्ये.

आमच्याकडे सेल आले की व्होल्टेज आणि रेझिस्टन्स बघून जुळणारे एकत्र लावतात. बसबारचं, म्हणजे सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचं, लेझर वेल्डिंग रोबोट करतो. पुढं हार्नेस (वायरची जुडी), बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट), झाकणाचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, मग हवा भरून लीक टेस्ट. पॅक 300 व्होल्टच्या वरचा, त्यामुळे अंगठी, कडं, घड्याळ सगळं लॉकरमध्ये. रबरी ग्लोव्हज घालायच्या आधी हवा कोंडून दाबून बघायचे, बारीक भोक असलं तरी फेकायचे.

बोल्ट आवळायचं काम उद्या रोबोटकडे जाईल. पण पॅक टेस्टला फेल झाला तर दोष सेलचा, वायरचा की बीएमएसचा, हे शोधायला माणूसच लागतो. मल्टिमीटर आणि वायरिंग डायग्रामवर हात बसव.

हार्नेसवाली_ताई: बरोबर आहे. आणि मुलींनीही अर्ज करा, आमच्या हार्नेस लाइनवर निम्म्याहून जास्त बायकाच आहेत.

पैठणरोडकर: दादा, पर्मनंट करतात का?

चाकण_सेकंड_शिफ्ट: सुरुवातीला ट्रेनी, नाहीतर ठेकेदाराकडून. सही करायच्या आधी विचार, कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराच्या, आणि पीएफ कोण भरणार. 4,000 चा आकडा सांगतात तेव्हा यातले पर्मनंट किती हे कुणीच सांगत नाही, याचा मला फार राग येतो. ज्या गावांच्या जमिनी गेल्या त्यांनी ग्रामसभेत हे आत्ताच लेखी मागावं. भरती सुरू झाल्यावर कुणी ऐकत नाही.