'पुट'ची चाळीस रूपं पाठ करून इंग्रजी येतं का?

मुक्ता
काल कुणीतरी इथे यादी टाकली: 'पुट'ची चाळीस फ्रेझल व्हर्ब (क्रियापदामागे 'ऑफ', 'अप' असा छोटा शब्द लावून होणारी रूपं), रोज दहा पाठ करा, चार दिवसांत इंग्रजी खिशात. प्रत्येकापुढे एक मराठी अर्थ. सोळा वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतेय, वाचून चीड आली.

'पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे.' मीटिंगच्या बाबतीत बरोबर. पण 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे वासाने मला पुढे ढकललं का? वासाने खाण्याची इच्छाच मेली. 'पुट आउट म्हणजे विझवणे.' मग पाहुणा 'आय डोन्ट वॉन्ट टु पुट यू आउट' म्हणाला, तर पोरगं काय समजणार? तो म्हणतोय, माझ्यामुळे तुम्हाला त्रास नको. 'पुट अप' आणि 'पुट अप विथ' तर शेजारी शेजारी. एकाचा अर्थ मुक्कामाला ठेवून घेणे, दुसऱ्याचा सहन करणे. अशी जोडी पाठ केलेली मुलं पेपरात हमखास उलटंपालटं लिहितात.

आणि शब्द कुठे बसतो ते? 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ'ही चालतं, पण 'इट' आलं की फक्त 'पुट इट ऑफ'. 'पुट अप विथ इट' मात्र मधे तोडता येत नाही. याबद्दल यादीत चकार शब्द नाही.

रात्रपाळी
यादी माझीच. मॅडम, तुमच्याकडे फळा आहे, अख्खं वर्ष आहे. मी मराठी माध्यमातून बीकॉम करून पुण्यात कॉल सेंटरला लागलो, तेव्हा ट्रेनिंगचे तीन आठवडे मिळाले. पहिल्याच आठवड्यात ग्राहक म्हणाला, 'पुट मी थ्रू टु युवर मॅनेजर.' मला 'थ्रू' म्हणजे आरपार एवढंच ठाऊक. मी गप्प, तो शिव्यांवर आला. त्या रात्री वहीत लिहिलं: पुट थ्रू, फोन जोडून देणे. एकच अर्थ, पण त्या वहीवर नोकरी टिकली. तुमच्या 'इट'च्या नियमावर टिकली नसती.

जुना मास्तर
दोघंही मुळाशी जात नाही आहात. संस्कृतात एक 'हृ' धातू घ्या: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. उपसर्ग बदलला की अर्थ कुठच्या कुठे जातो. 'पुट'चं तेच. शाळेतून संस्कृत हद्दपार केलंत, म्हणून आज याद्या घोकायची पाळी आली.

वैदर्भी
सर, प्रत्येक चर्चेत संस्कृत आणलंच पाहिजे का? आमच्या शाळेत ते शिकवायला माणूसच नव्हता. मराठीतलं 'लागणे' बघा ना. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, फोन लागतो, दूध खाली लागतं, मावशी नात्याने कोण लागते तेही विचारतात. कुणी यादी घोकली याची?

जुना मास्तर
'लागणे'ला उपसर्ग कुठे आहे? तिथे अर्थ ठरतो तो सोबतच्या नामावरून. इंग्रजीत अर्थ फिरतो तो क्रियापदामागून येणाऱ्या अव्ययावर. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप' यांतला 'अप' वर नेत नाही, क्रिया पुरती संपवतो. काहीही कशालाही जोडू नका.

वैदर्भी
मग ते काम मराठीत 'टाकणे' करतं! खाऊन टाक, पिऊन टाक, संपवून टाक. घरात रोज बोलतो आपण. पण नाही, मराठीचं उदाहरण दिलं की तुमच्या लेखी ते हलकं.

जुना मास्तर
आवाज चढवू नका. चौतीस वर्षं मराठीच शिकवली मी. 'खाऊन टाक' चपखल आहे, मान्य. 'लागणे' नाही.

लीड्सकर
मी वाद घालत नाही, घडलेलं सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दवाखान्यात नेलं होतं. तो माझ्या कडेवर. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, 'आय थिंक इट्स टाइम टु पुट हिम डाउन.' मला वाटलं, खाली ठेवायला सांगतायत. मी त्याला टेबलावर ठेवलं आणि विचारलं, आता पुढे काय? बायकोने तोंड फिरवलं तेव्हा कळलं. बरं होणार नसलेल्या जनावराला इंजेक्शन देऊन सोडवणे, हाही 'पुट डाउन'चाच अर्थ. रात्रपाळी, तुमच्या यादीत 'खाली ठेवणे, अपमान करणे' एवढंच आहे. बावीस वर्षं इंग्लंडमध्ये राहून मलाही तेवढंच येत होतं.

रात्रपाळी
दादा, वाईट वाटलं. तो अर्थ आत्ताच जोडला.

मुक्ता
लीड्सकर, तुमचं वाचून मघाचा राग ओसरला. रात्रपाळी, तुमची वही तुम्ही अडलात तिथून सुरू झाली, म्हणून ती टिकली. माझी मुलं कुठेच अडलेली नाहीत, त्यांच्या हातात नुसते चाळीस शब्द पडले. हा फरक मी आधी बघितला नाही, तेवढं मान्य. पण सुट्या अर्थांची यादी वर्गात लावणार नाही म्हणजे नाही.

रात्रपाळी
चाळीसच्या बारा करतो. वाक्यं तुम्ही द्या.

मुक्ता
घ्या पहिलं. पुट बाय: 'माय मदर पुट्स बाय टू हंड्रेड रुपीज एव्हरी मंथ.' मराठी अर्थ आत्ता लिहू नका. मुलांना आधी विचारा, आई त्या दोनशे रुपयांचं काय करत असेल.