मदत हवी आहे: पायलट (चाचणीचा प्रयोग) संपून चार महिने झाले, ऑर्डर कुठे अडते?

भिंगरी
टाकीतली पाण्याची पातळी आणि गळती दाखवणारं यंत्र आम्ही बनवतो. एका नगरपरिषदेत पाच टाक्यांवर तीन महिने चालवलं, साहेब खूश होते. आता रोज एकच उत्तर, "फाइल वर गेलीय". यंत्रं तिथेच आहेत, सिमचे पैसे मी भरतेय. नेमकं कुणाला भेटू? घाई आहे, प्लीज.

नानाकाका
कार्यादेश होता की सगळं तोंडी?

उद्योगी
स्टार्टअप वीक स्पर्धेला अर्ज करा! राज्याच्या नाविन्यता सोसायटीने २०१८ मध्ये सुरू केला. तेव्हा २४ जण निवडले, १५ लाखांपर्यंतचा कार्यादेश थेट सरकारी विभागात पायलटसाठी. माझ्या मित्राने तिथूनच सुरुवात केली.

रेवती_प
अहो, पायलट झालाय त्यांचा! अडलंय ते खरेदीवर. भिंगरीताई, थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावंच लागतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज.

नानाकाका
बिल असेल तर ना. ताई, कागद काय आहे हातात?

भिंगरी
पत्र आहे. "विनामूल्य, प्रायोगिक तत्त्वावर" असं लिहिलंय. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी आहे.

रेवती_प
मग माझं म्हणणं मागे घेते. बिलच नाही, तर पोर्टलवर काय मागणार?

तारयंत्र
सिम कशाला? लोरा (सिमशिवाय दूरवर माहिती पाठवणारी रेडिओ यंत्रणा) लावा, महिन्याचा खर्च वाचेल. आमच्या शेतात चार वर्षं चालतंय.

नानाकाका
तारयंत्र, त्यांनी ते विचारलेलं नाही. ताई, मी पंचवीस वर्षं पालिकांना पंप पुरवले. फुकट पायलटमधून ऑर्डर आपोआप येत नाही, निविदा निघावी लागते. त्याआधी पाणीपुरवठा अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्या: किती गळत्या सापडल्या, किती पाणी वाचलं, सहीशिक्क्यानिशी. साहेबांची खुशी फाइलला लागत नाही. डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप मान्यताही काढून ठेवा. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत मान्यताप्राप्त स्टार्टअपला उलाढाल आणि पूर्वानुभवाच्या अटीत सूट देता येते, दर्जात नाही. पालिकेच्या निविदेत ती सूट आहे का, ते अटी वाचून बघा.

उद्योगी
वीकलाही तीच मान्यता लागते, म्हणून म्हणतोय.

भिंगरी
अहवाल मागितलाच नव्हता. आणि ज्या मुख्याधिकाऱ्यांनी पत्र दिलं, त्यांची गेल्या महिन्यात बदली झाली.

नानाकाका
हे आधी सांगायचं, बाई! अभियंता तोच आहे ना? उद्याच गाठा त्यांना, तेही जायच्या आत.