'गुरुवारी पाणी बंद': आतल्या लोकांनी लिहा

जुनी_तार

काल सोसायटीच्या ग्रुपवर नेहमीचा निरोप पडला. 'विद्युत व पंपिंगविषयक दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने.' खाली लगेच टोमणे. "यांचा दर गुरुवारी उपास असतो का?" हसू आलं, आणि मग दुपारभर जुनंच डोक्यात.

मी एका महापालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात विद्युत विभागाला होतो, शेवटची बरीच वर्षं प्रमुख. पुण्यात नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर पर्वतीच्या जलकेंद्राचा हिशेब माझ्याकडे मागाल.

वर्षभर जिथे हात घालता येत नाही ती सगळी कामं बंदच्या त्या आठ-दहा तासांत बसवायची असतात. ब्रेकरची सर्व्हिसिंग, बसबारचे जोड आवळणं, ट्रान्सफॉर्मरचं तेल, केबल बॉक्स. आपण बंद घेतोय म्हटल्यावर मेकॅनिकलवाल्यांना व्हॉल्व्ह बदलायचा असतो, सिव्हिलला संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, धुवायचा असतो. सगळ्यांचा जीव एकाच आयसोलेटरवर, म्हणजे वीज तोडून ठेवणाऱ्या मोठ्या खटक्यावर. वीज कंपनीकडून लाईन क्लिअर, म्हणजे लाईन बंद केल्याची हमी, घ्यायची, ब्रेकर बाहेर ओढायचा, आयसोलेटर उघडून कुलूप, टेस्टरने खात्री, मग डिस्चार्ज रॉड, मग अर्थिंग. त्यानंतरच कुणी आत.

एका बंदच्या दिवशी पाचला चार्ज करायचं, म्हणजे वीज परत सोडायची, असं ठरलं होतं. परमिटच्या, म्हणजे आत काम करायच्या परवानगीच्या, वहीत सगळ्यांच्या 'काम संपले, माणसे बाहेर' अशा सह्या. तरी सवयीने डोकी मोजली तर एक हेल्पर कमी. सही होती, माणूस नव्हता. सही जोडीदाराने ठोकलेली. ट्रान्सफॉर्मरच्या मागे, केबलच्या चरात म्हणजे ट्रेंचमध्ये, कपॅसिटर रूममध्ये सगळीकडे हाका. मोबाईल बंद. इकडे टाक्यांचे तळ दिसायला लागले, नगरसेवकांचे फोन, वरून फोन. एक साहेब म्हणाले, "अहो गेला असेल घरी, करा चालू." मी कुलपाची किल्ली खिशात घालून खुर्चीवर बसलो.

तो खरंच घरी गेला होता. पुतणीची हळद होती. वॉचमनने त्याला मोटारसायकलवर मागे बसवून आणला, तोंड पिवळं, कपाळाला तांदूळ. त्याला डोळ्यांनी बघितला आणि चार्ज केलं. दुसऱ्या दिवशी मला खुलासा मागितला, शहराला उशीर का झाला? मी लिहिलं, 'एक कर्मचारी सापडत नव्हता.' त्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही.

नंतर वर्कशॉपमधल्या भंगार पितळेचे बिल्ले कापून घेतले, नंबर ठोकले. आत जाताना आपला बिल्ला आयसोलेटरच्या हॅंडलला अडकवायचा, बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. हॅंडलला एक जरी बिल्ला लटकत असला तरी चार्ज नाही. सही दुसऱ्याला मारता येते.

तुमच्यापैकी कुणी या कामात असाल, घरचं कुणी असेल, तर लिहा. मोठं लिहायला हवं असं नाही.

अबोलीचा_गजरा

पहिला नंबर माझा! हळदीचा हेल्पर 😂 पुतणीच्या सासरी काय सांगितलं असेल बिचाऱ्याने

वऱ्हाडी_ठेचा

पाल.
एवढंच लिहून थांबणार होतो पण ज्यायले माहीत नाही त्यायच्यासाठी सांगतो. हिवाळ्यात पॅनलमंदी स्पेस हीटर चालू ठेवतेत, आत ओल धरू नये म्हणून. पालीले ते गरम लागते, येऊन बसते निवांत. दोन फेजच्या मंदात आली का धडाम. अर्धं गाव बिनपाण्याचं आन कारण काय तर पाल. रिपोर्टात असं लिहिलं तर वरचे हासतेत, म्हणून 'तांत्रिक बिघाड' लिवा लागते.

आमचे फोरमन केबल जिथून आत येते ते एकूण एक भोक पुटीनं बुजवायचे अन् डांबरगोळ्या ठेवायचे. नवा पोरगा आला का पयलं काम त्याले हेच. "बे, डिग्री बाजूले ठेव, भोकं शोध."

खिडकीतून_पाऊस

@वऱ्हाडी_ठेचा आमच्या घरच्या इन्व्हर्टरमध्येपण निघाली होती. ईईई. वाचूनच अंगावर आली.

तालमीतला

कोल्हापूर. ऑगस्ट २०१९ कुणी विसरलंय का. चौफेर पाणी आणि नळाला थेंब न्हाई. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी सगळी उपसा केंद्रं पंचगंगा न् भोगावतीच्या पाण्यात. माझा मामेभाऊ मोटर रिवायंडिंगच्या कामातला, त्याच्याबरोबर मी पोरगं म्हणून हाताखाली होतो.

पाणी उतरल्यावर लोकांना वाटतं आता काय, बटण दाबा. मोटरीच्या पोटात गाळ असतो की! उचलायची, उघडायची, गोड्या पाण्यानं धुवायची, मग वाळवायची. वाळवायची म्हंजे उन्हात न्हवं, ऑगस्टात ऊन कुठलं. ओव्हनला टाकायची नाहीतर वेल्डिंग सेट लावून वाइंडिंगमधून हळूहळू करंट सोडायचा, आतनं गरम करायची. मधनं मधनं मेगर मारायचा, म्हंजे वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजायचं. जुना हिशोब असा की मोटर जेवढ्या केव्हीची, म्हंजे हजार व्होल्टची, त्यात एक मिळवायचा, तेवढे मेगओहम तरी पायजेत. ३.३ केव्हीच्या मोटरीला ४.३. पयल्या दिवशी काटा शून्यावरनं हलत न्हाई. रातभर बसून तो हलतोय का बघत ऱ्हायचं. चहावाला पण तिथंच झोपलेला.

तिथला जो हेड होता त्याला भाऊ दर तासाला सांगायचा 'अजून एक तास'. त्यो माणूस तापला न्हाई एकदाबी. बाहेर टँकरच्या रांगेत बायका त्याच्या नावानं खडे फोडत हुत्या, त्यात त्याची स्वतःची आई पण रांगेत, हे त्यानंच सांगितलं हसत हसत.

२०२१ च्या जुलैत परत तेच. मी तवा पुण्यात.

गोदाकाठ

तालमीतला, जबरी. आणखी लिहा.

मोगरा_दारी

मिस्टर याच खात्यात होते. मी काय लिहिणार, मला त्यातलं कळत नाही. एवढं कळायचं की नरक चतुर्दशीला पहाटे मिस्टर कधी घरी नसायचे. सगळं गाव एकाच वेळी अभ्यंगस्नानाला बसणार, टाक्या काठोकाठ हव्यात, एकही पंप बंद पडून चालणार नाही. हे रात्रीच जायचे. मी उटणं, तेल आणि फराळाचा डबा पिशवीत घालून द्यायचे. पंपहाऊसच्या मागच्या नळावर सगळा स्टाफ उटणं लावून अंघोळ करायचा म्हणे. सासूबाई म्हणायच्या, बायकोच्या हातचं तेल लागत नाही आणि ऑपरेटरच्या हातचं चालतं.

खंडेनवमीला मात्र आम्हा बायकापोरांना तिथे बोलवायचे. पॅनलना झेंडूची माळ, मोटरीपुढे नारळ. पण माळ बाहेरच्या दाराच्या हॅंडललाच, फुलाची पाकळीसुद्धा आत जाऊ द्यायचे नाहीत. त्यावरून ओरडायचे.

खिडकीतून_पाऊस

मोगराताई किती गोड लिहिलंत. फराळात काय काय असायचं? :)

मोगरा_दारी

चकली आणि शंकरपाळे, लाडू नाही. हात तुपकट होतात आणि मग ते तसेच लॉगबुकला लावतात. भाजणीचं प्रमाण तुमच्या विचारपुशीत टाकते.

सव्वीसजुलै

मुंबईकर. आम्हाला १८ जुलै २०२१ ला 'पाणी उकळून प्या' आलं होतं ते आठवतंय. रात्रभराच्या पावसात भांडुप संकुलात पाणी शिरलं आणि शुद्धीकरण-पंपिंग बंद करावं लागलं. एवढी धरणं, तुळशी विहारपासून भातसापर्यंत, आणि पाऊस पडला म्हणून पाणी नाही. हे गणित मला आजही पचत नाही. जाणकारांनी सांगावं.

जुनी_तार

@सव्वीसजुलै भांडुपचं आतलं मला माहीत नाही, बाहेरून वाचलं तेवढंच. पण सर्वसाधारण सांगतो. पंप पाण्याच्या पातळीजवळ बसवावा लागतो, म्हणून मोटर आणि स्टार्टर खोलात. केबल ट्रेंच त्याहून खोल. पावसाचं पाणी आधी ट्रेंचमध्ये येतं आणि ट्रेंच थेट पॅनलखाली उघडते. पाणी पॅनलला टेकायच्या आत स्वतःहून सप्लाय काढलात तर पुसून-वाळवून काही तासांत उभं राहता येतं. चालू असताना टेकलं तर स्फोट आणि दुरुस्तीला महिने. म्हणजे बंद कधी करायचं हे ठरवणारा एक माणूस तिथे गुडघाभर पाण्यात उभा असतो आणि त्याला माहीत असतं की आपण हॅंडल खाली ओढलं की शहर बंद.

नवीन बांधकामात पॅनल वरच्या मजल्यावर नेतात. आमच्याकडे ती फाईल मी लागलो तेव्हा होती आणि निवृत्त झालो तेव्हाही होती.

सव्वीसजुलै

फाईल वॉटरप्रूफ असावी

जेई_बाई

मी सध्या याच कामावर आहे, गाव सांगत नाही. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

रुजू झाले तेव्हा सगळे "मॅडम तुम्ही केबिनला बसा, आम्ही बघतो." बघायचे म्हणजे कसं, तर ठेकेदाराचा पोरगा स्लीपर घालून ११ केव्हीच्या यार्डात. हातमोजे कुलूपबंद, कारण हरवले तर पगारातून कापतात! मी काम थांबवलं. ठेकेदार म्हणाला उशीर झाला तर तुमच्यावर येईल. म्हटलं येऊ दे, लेखी द्या. लेखी कुणी देत नाही. हातमोजे निघाले.

आता परमिट माझ्या सहीशिवाय निघत नाही आणि अर्थिंग मी स्वतः बघते. मागून 'अर्थिंगबाई' म्हणतात ते माहीत आहे. चालेल.

दुसरी लढाई बिलाची. १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे ओढलेल्या सगळ्या विजेवर येतं, त्यामुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली खरी कामाला लागलेली किती, ते प्रमाण) घसरला की सरळ युनिट वाढतात. तो सुधारणाऱ्या कपॅसिटर बँकेतले अर्धे सेल मेलेले होते, कुणी बघत नव्हतं, कारण दिवे लागतात, पंप फिरतात, मग अडलंय कुठे. बदलून घेतल्यावर बिलात फरक दिसला तेव्हा लेखा विभागाने पहिल्यांदा माझं नाव बरोबर लिहिलं.

वऱ्हाडी_ठेचा

अर्थिंगबाई जिंदाबाद 🙏

जुनी_तार

@जेई_बाई बिल्ले लावा. पितळ नसेल तर पत्र्याचे.

जेई_बाई

काका, कालच सांगितले करायला. वाचल्यावाचल्या.

पैठणकाठचा

जायकवाडीच्या नाथसागरातून पाणी उचलून लांबवर शहरात चढवतात, तसल्या योजनेवर ऑपरेटर होतो. लोकांचा ठरलेला प्रश्न, लाईट पाच मिनिटं गेली तर पाणी पाच तास का नाही?

लाईट गेली की सगळे पंप एकदम थांबतात. वर चढत असलेलं पाणी उलटं फिरतं, एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, आपटतो, तो आवाज छातीत बसतो. धक्का जास्त झाला तर पाईप फुटतो. लाईट आली तरी सगळे पंप एकदम मारता येत नाहीत. लाईनमध्ये हवा शिरलेली असते, ती एअर व्हॉल्व्हने निघू द्यायची, एकेक पंप घ्यायचा, डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळू उघडायचा. आणि मोठी मोटर गरम असेल तर लागोपाठ स्टार्ट देता येत नाही, थांबावंच लागतं. त्यात मधे परत लाईट गेली की पहिल्यापासून.

२००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात तर एक्स्प्रेस फीडर, म्हणजे फक्त आमच्यासाठीची वेगळी लाईन, आहे म्हणून आम्ही सुटलो असं सगळ्यांना वाटायचं. एक्स्प्रेसवरही झाड पडतंच.

आमचे विद्युतवाले साहेब ट्रिपचा आवाज घरून ओळखायचे. खोटं नाही. क्वार्टर आवारातच होतं. पंपांचा घुमारा थांबला की झोपेतून उठून बनियनवर हजर.

मोगरा_दारी

@पैठणकाठचा अगदी! हे पण असेच उठायचे. पंखा बंद झाला तर झोपून राहायचे, तिकडचा आवाज बंद झाला तर उठायचे.

फोंड्याचो

आमच्या गोव्यातल्या ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून हजेरी. खांडेपार नदीवरचं, पोर्तुगीज काळापासूनचं. शाळेची सहल गेली होती. गाळणीच्या टाक्या बघायच्या सोडून आम्ही सगळे ट्रान्सफॉर्मरवरच्या त्या काचेच्या डबीत काय निळं निळं खडे आहेत ते बघत होतो. तिथल्या इलेक्ट्रिकल काकांनी पूर्ण वर्गाला समजावलं, सिलिका जेल, ओल शोषतं, गुलाबी झालं की भाजून परत निळं करायचं. त्या काकांमुळे आयटीआयला गेलो. आता आखातात आहे, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या डिसॅलिनेशन प्लांटवर. इकडे जेल नारिंगी-हिरवं असतं.

गोदाकाठ

क्लोरीनबद्दल कुणीच नाही? क्लोरीन रूमशेजारच्या पॅनलमध्ये तांबं काळंहिरवं पडतं, रिलेचे कॉन्टॅक्ट धरत नाहीत. क्लोरीनचे ९०० किलोचे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर, असतात. हवेपेक्षा जड गॅस, म्हणून एक्झॉस्ट पंखा खाली जमिनीजवळ लागतो. आमच्याकडे नव्या ठेकेदाराने हौसेने छताजवळ बसवला होता, इलेक्ट्रिकलच्या साहेबांनी कनेक्शनच द्यायला नकार दिला. पंधरा दिवस पत्रापत्री. शेवटी भिंत खालून फोडली.
लीक शोधायला अमोनियाचा बोळा फिरवायचा, पांढरा धूर निघाला की तिथे. बाकी नंतर, कुकर झालाय.

बंड्या_नंबर२

एवढे तज्ज्ञ जमलेच आहेत तर, आमची बिल्डिंगची मोटर नुसती गुं गुं करते, फिरत नाही. काय असेल? वायरमन रविवारी येणार म्हणतो.

अबोलीचा_गजरा

बंड्या, लोक काय लिहितायत, तुझं काय 😂

पैठणकाठचा

सिंगल फेज असेल तर कपॅसिटर गेला असेल. थ्री फेज असेल तर एक फेज नाही, फ्यूज बघा. गुं गुं करताना चालू ठेवू नका, जळेल.

बंड्या_नंबर२

सिंगल आहे. कपॅसिटर मीच बदलू का? हातात पक्कड घेऊन उभा आहे

जेई_बाई

आधी मेन स्विच बंद करा आणि जुन्या कपॅसिटरच्या टोकांना हात लावू नका, बंद असूनही चार्ज असतो. रविवारपर्यंत थांबा ना.

बंड्या_नंबर२

पक्कड ठेवली. पण आज गुरुवार आहे हो, टँकर बोलवायला लागणार

जुनी_तार

टँकरचा नंबर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आहे, व्यक्तिगत निरोप करतो.