मदत हवी आहे: विल्टशरच्या पॅरिश वह्यांतले दोन विल्यम, त्यातला आमचा कोणता?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधल्या खेड्यांच्या जुन्या चर्च-नोंदी (पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, त्याच्या वह्या) चाळायची सवय असलेले कुणी इथे असेल तर मला मदत हवी आहे. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशिलाशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही म्हणून सगळे लिहिते.

माझा नवरा इंग्लिश आहे. सासूबाईंचे माहेर विल्टशरमधले, डिव्हायझेस आणि प्यूझी यांच्या मधल्या खोऱ्यातले. पिढ्यान्‌पिढ्या शेतमजूर. माझ्या माहेरी छापील कुलवृत्तांत आहे. आजोबांचे आजोबा कुठून आले ते पान उघडले की दिसते. सासूबाईंकडे असे काही असणार तरी कसे? ज्यांना जमीन नव्हती आणि सही येत नव्हती, त्यांची नावे उरली ती चर्चच्या वहीत आणि गरिबांना मदत वाटणाऱ्यांच्या हिशेबात. सासूबाईंचे आता वय झाले आहे. त्यांना त्यांची माणसे सापडावीत आणि ती खरीच त्यांची असावीत, एवढ्यासाठी हा खटाटोप चालला आहे.

मागे जाताना १८३७ पर्यंत फारसे अडले नाही. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. सरकारी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत जन्मनोंदीसोबत आईचे माहेरचे आडनावही दिसते, त्यामुळे एकाच नावाची दोन मुले वेगळी काढता येतात. असे करत सासूबाईंच्या खापरपणजोबांपर्यंत पोचले. नाव विल्यम. आडनाव इथे जाहीर लिहीत नाही, हवे असल्यास व्यनि करते. त्या भागात ते सर्रास आढळते, आणि लिहिणारा बदलला की स्पेलिंगही बदलते.

१८५१ च्या जनगणनेत हा विल्यम ४८ वर्षांचा शेतमजूर, जन्मगाव 'अ'. १८६१ मध्ये वय ६०, जन्मगाव 'ब'. दोन्ही गावे पायी तासाभराच्या अंतरावर आहेत. १८४१ ची जनगणना इथे कामाची नाही, कारण तिच्यात पंधरा वर्षांवरच्यांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत आणि जन्म याच कौंटीतला की नाही एवढेच विचारले आहे. दफन १८६८, वय ६६. मृत्यूच्या दाखल्यात त्या काळी आईवडिलांची नावे लिहीत नसत.

आता पेच असा. 'अ' गावच्या वहीत १८०२ साली थॉमस आणि मेरीच्या विल्यमचा बाप्तिस्मा आहे. 'ब' गावच्या वहीत १८०१ साली जॉन आणि ॲनच्या विल्यमचा. आडनाव एकच. छापील रकान्यांच्या वह्या १ जानेवारी १८१३ पासून आल्या. त्यात बापाचा व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण असते. त्याआधीच्या या दोन्ही नोंदी एकेका ओळीच्या: मुलगा, बाप, आई, तारीख.

लग्न १८२६ साली तिसऱ्याच गावात, 'क' मध्ये, बायकोच्या गावी झाले. बॅन्स, म्हणजे लग्नाची चर्चमधली जाहीर सूचना, वाचून. दोघांपुढे 'याच पॅरिशचे' असे लिहिले आहे. त्या पानाचे छायाचित्र मी सारखे उघडून बघते. व्हिकरचे, म्हणजे तिथल्या पाद्र्याचे, अक्षर बारीक आणि तिरके, आणि खाली दोन फुल्या. विल्यमची ठसठशीत, एका टोकाला शाईचा ठिपका साचलेला. तिची लहान, एक रेघ मध्येच थांबून पुन्हा ओढलेली. फुलीच्या दोन्ही बाजूंना नाव-आडनाव लिहिले आहे तेही व्हिकरच्याच हातचे. या दोघांच्या हाताचे एवढेच काय ते जगात उरले आहे, त्यामुळे माझा त्या पानावर जीव आहे. साक्षीदार दोन. एक पुरुष, आणि दुसरी एस्थर नावाची बाई, तिचे आडनाव विल्यमचेच. तिचीही फुलीच.

ऑनलाइन वंशवृक्षांत बहुतेकांनी विल्यमला थॉमस-मेरीच्या पदरात टाकले आहे. पुरावा एकानेही दिलेला नाही. एकाने लिहिले ते बाकीच्यांनी उचलले असे दिसते. सासूबाईंना मी तसे सांगायला तयार नाही.

दोघांपैकी एखादा विल्यम लहानपणीच गेला असेल तर प्रश्न मिटतो, म्हणून 'अ' आणि 'ब' या दोन्ही गावांच्या दफननोंदी १८१३ पर्यंत पाहिल्या. त्यात कुणी नाही. आता पुढे काय बघावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

टेम्सकाठ:

ताई, दफने १८१३ ला थांबवू नका. खरी मजबूत पडताळणी तिथूनच सुरू होते, कारण त्या सालापासून दफनाच्या नोंदीत वय आणि राहण्याचे ठिकाण लिहिणे बंधनकारक झाले. विशीत, तिशीत, अगदी म्हातारपणी वारलेला त्याच नावाचा दुसरा विल्यम शोधा. तो सापडला आणि जनगणनेत वेगळ्या घरात दिसला, तर निदान दोघे दोन माणसे म्हणून उभे राहतात. आणि शोध दोन गावांपुरता ठेवू नका. नकाशावर दोन्ही गावांभोवती दहा मैलांचे वर्तुळ काढा आणि त्यातल्या सगळ्या पॅरिश धरा.

दुसरे म्हणजे जॉन आणि ॲनची बाकीची मुले बघा. 'ब' मध्ये त्यांची किती मुले आहेत आणि शेवटचे केव्हाचे? तुमचे खोरे म्हणजे केनेट-एव्हन कालव्याचा रस्ता. १७९४ ला काम सुरू झाले, १८१० ला कालवा पुरा झाला. खोदकामाला बाहेरून माणसे येत आणि काम सरकले की बिऱ्हाडासह पुढे जात. जॉन-ॲनचे लग्न त्या भागात सापडत नसेल, दोन-तीन बाप्तिस्म्यांनंतर ते दोघे वहीतून नाहीसे होत असतील आणि दफनेही नसतील, तर ते कुटुंब तिथून हलले असे मानायला जागा आहे. मग त्यांचा विल्यम १८२६ ला तिथे लग्नाला उभा राहण्याची शक्यता कमी होते.

पानांची छायाचित्रे अँसेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत, सूचीवर विसंबू नका. सूची करणाऱ्याने आडनाव चुकीचे वाचले की माणूस हरवतो. पान न्‌ पान वाचा. एखादे पान फाटले असेल किंवा ओल लागून शाई उडाली असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवायच्या प्रती बघा. १५९८ पासून ती पद्धत होती. वही खराब झाली तरी प्रत कधीकधी शाबूत असते, आणि क्वचित प्रतीत वहीपेक्षा एखादा शब्द जास्त मिळतो.

---

मोडीप्रेमी:

माझे लक्ष एस्थरवर आहे. विल्टशरच्या खेड्यात आडनाव सर्रास असले तरी लग्नाला फुली करायला उभी राहिलेली त्याच आडनावाची बाई बहुतेक वेळा बहीण असते, नाहीतर भावजय किंवा चुलत बहीण. दोन्ही गावांत एस्थरचा बाप्तिस्मा शोधा. आणि ती १८३७ नंतर लग्न करून गेली असेल तर तुमचे काम होऊ शकते, कारण तेव्हापासून विवाहनोंदीत दोघांच्या बापांची नावे आणि व्यवसाय लिहितात. तुमच्या विल्यमचे लग्न अकरा वर्षे आधी झाले म्हणून त्याच्या बापाचे नाव नाही. भावंडांच्या नोंदीत असेल. हाच न्याय विल्यमलाही लावा. पहिली बायको वारून त्याने १८३७ नंतर दुसरे लग्न केले होते का?

पुरुष साक्षीदाराचे नाव आधीच्या आणि नंतरच्या पानांवर येते का ते बघा. येत असेल तर तो चर्चचा कारकून, नात्यातला नव्हे, त्याला सोडून द्या.

'याच पॅरिशचे' यावर फार भरवसा ठेवू नका. बॅन्स लागोपाठ तीन रविवारी वाचायचे, तेवढा मुक्काम तिथे असला की पॅरिशचा म्हणून लिहून मोकळे होत. तरी 'अ' आणि 'ब' च्या बॅन्सच्या वह्या असतील तर १८२६ चे पान जरूर बघा. नवरामुलगा दुसऱ्या गावचा असेल तर बॅन्स दोन्हीकडे वाचत.

अजून मागे जाल तेव्हा तारखा सांभाळा. १७५२ पूर्वी तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचे, आपला शक गुढीपाडव्याला बदलतो तसे. त्यामुळे डिसेंबर १७३० नंतरचा जानेवारीही वहीत १७३० चाच असतो. आणि १७३३ च्या आधी काही पाद्री लॅटिनमध्ये लिहीत, तिथे विल्यमचा गुलिएल्मस झालेला असतो.

---

शिलालेख:

वरच्या दोघांनी चर्चच्या वह्यांचे सांगितलेच आहे. शेतमजुरांच्या बाबतीत माझा जीव मात्र पॅरिशच्या पेटीतल्या बाकीच्या कागदांवर आहे.

१६६२ च्या सेटलमेंट कायद्यापासून प्रत्येक गरीब माणूस कुठल्या ना कुठल्या पॅरिशचा हिशेबी माणूस असे. काम गेले, आजार आला, म्हातारपण आले की मदत द्यायची ती त्याच पॅरिशने. औरस मूल बापाच्या पॅरिशचे. लग्न न झालेला गडी एका मालकाकडे पूर्ण वर्षभर ठरवून राहिला तर तो त्या गावाचा होई, म्हणून मालक मुद्दाम वर्षाला थोडे दिवस कमी ठेवून गडी घेत. बायको नवऱ्याच्या पॅरिशची.

मग एखाद्या कुटुंबाने मदत मागितली की ओव्हरसियर, म्हणजे पॅरिशची गरिबांची मदत सांभाळणारा माणूस, त्याला दोन न्यायाधीशांपुढे उभे करी आणि त्याचा जबाब लिहून घेतला जाई. जन्म कुठे झाला असे ऐकले, बाप कुठल्या गावचा, कितव्या वर्षी कुणाकडे कामाला लागलो, पगार किती, लग्न कुठे केले, मुले किती. खाली फुली. ज्या माणसाच्या आयुष्याची एरवी तीन ओळींत नोंद आहे त्याचे सगळे आयुष्य अशा एका पानावर मिळते. तुमच्या विल्यमने आयुष्यात एकदा जरी मदत मागितली असेल तर असा कागद झालेला असू शकतो. लग्नानंतरच्या वर्षांत बघा, विशेषतः १८३० च्या आसपास. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये विल्टशरच्या मजुरांनी मळणीयंत्रे फोडली, इतकी तिथली मजुरी खाली गेली होती. गडबडीत पकडलेल्या कित्येकांना ऑस्ट्रेलियात पाठवले. विल्यमचा भाऊ किंवा चुलता त्यात आहे का तेही बघून ठेवा.

हे कागद चिपनमच्या विल्टशर अँड स्विंडन हिस्टरी सेंटरमध्ये पॅरिशवार लावलेले असतात. सगळ्याच पॅरिशचे टिकलेले नाहीत, म्हणून आधी सूची बघा. 'अ', 'ब' आणि 'क' तिन्ही मागवा, कारण ज्या गावाने माणूस परत पाठवला आणि ज्या गावाने घेतला त्या दोन्हीकडे कागद असू शकतो.

एक धोक्याची सूचना. त्या भागात बाप्टिस्ट मंडळी बरीच. ते तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. म्हणजे तुमचा विल्यम या दोन्ही वह्यांत नसलेला तिसराच असू शकतो. चर्चबाहेरच्या पंथांच्या जमा झालेल्या वह्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आरजी ४ या मालिकेत आहेत.

---

रानवाट:

थोडे अवांतर, पण शोधणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहितो. खेड्यातला एखादा मुलगा अचानक नाहीसा झाला असेल तर तो सैन्यात भरती होऊन आपल्याकडे आला असेल हेही ध्यानात ठेवा. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या प्रती लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांत एन ३ या मालिकेत आहेत. पुण्याच्या आणि खडकीच्या छावण्यांतल्या नोंदीही त्यातच शोधाव्या लागतात.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने आणि नेमके कुणी सांगेल असे वाटले नव्हते.

सांगितल्याप्रमाणे पाने वाचत बसले. एस्थर सापडली. 'अ' गावच्या वहीत, १८०७, थॉमस आणि मेरीची मुलगी. 'ब' मध्ये त्या आडनावाची एस्थर नाही. आजूबाजूच्या पॅरिशमध्ये वीस वर्षे मागे-पुढे पाहिले, दुसरी मिळाली नाही. शिवाय विल्यमच्या थोरल्या मुलीचे नाव मेरी आणि दुसऱ्या मुलाचे थॉमस आहे, हे माझ्याकडे आधीपासून होते पण आता त्याला वजन आले. पुरुष साक्षीदार अर्थातच कारकून निघाला, वर्षानुवर्षे प्रत्येक पानावर तोच.

जॉन-ॲनच्या दोन मुलांनंतर 'ब' मध्ये काही नाही. त्यांचे लग्नही त्या भागात मिळत नाही. टेम्सकाठ, तुमचा कालव्याचा अंदाज मला पटतो, पण त्यांचा विल्यम पुढे कुठे गेला ते कळेपर्यंत मी त्याला वजा करणार नाही.

एस्थरच्या १८३७ नंतरच्या लग्नाची एक नोंद सूचीत दिसते आहे, वय आणि गाव जुळते. दाखला मागवला आहे. चिपनमच्या सूचीत 'क' गावचे सेटलमेंटचे जबाब आहेत, 'अ' चे नाहीत. सासूबाईंना बरोबर नेणार आहे, त्यांची तशी इच्छा आहे.

शिलालेख, अजून एक विचारते. जबाबाचे कागद न्यायाधीशांच्या कारकुनांच्या अक्षरात असतात ना? त्या काळच्या कोर्टाच्या अक्षराचा सराव करता येईल असे काही ठाऊक असेल तर सुचवा, म्हणजे तिथे बसून वेळ वाया जाणार नाही. दाखला आला की यातच लिहीन.