फळी आणि काठी ‘छपरावरची शोभा’ असेल तर बोट कशाला घेतलीत?

कालवाकर

नव्या नॅरोबोटीचा, म्हणजे ब्रिटनच्या कालव्यांवरच्या लांबट, अरुंद बोटीचा, खर्च कसा कमी करावा यावर गेल्या आठवड्यात जो लेख आला, त्यात लेखकमहाशयांनी काठावर उतरायची फळी आणि रुतलेली बोट रेटायची काठी यांना ‘छपरावरची शोभा’ म्हटले आहे. परांचीची जुनी फळी कापून घ्या, ॲल्युमिनियमचा एखादा पाइप आणा आणि वाचलेले पैसे सोलर पॅनेलमध्ये घाला, असा त्यांचा सल्ला आहे. त्याखाली ‘अगदी खरे’ म्हणणाऱ्यांची रांग पाहिली आणि गप्प बसवेना.

परांचीची फळी ३८ मिलिमीटर जाडीची असते आणि परांचीवर तिला दर दीड मीटरच्या आत आधार द्यावा लागतो. तुम्ही तीच फळी काठ आणि बोट यांच्यामध्ये दोन मीटर अधांतरी टाकणार, आणि तिच्यावरून पंचाऐंशी किलोचा गृहस्थ टॉयलेटची भरलेली कॅसेट, म्हणजे मैल्याची सुटी टाकी, घेऊन चालणार. फळी मोडेलच असे नाही. पण ती मध्यावर झोल खाते आणि त्यानंतरचे प्रत्येक पाऊल ओल्या चढावर पडते. पुढे काय होते ते लिहीत नाही, कारण कॅसेटचा उल्लेख आधीच झाला आहे.

फळी आठ फुटांची असावी, बोटीकडच्या टोकाला खालून आडवी पट्टी ठोकलेली असावी म्हणजे ती गनेलवरून (बोटीच्या बाजूच्या अरुंद कडेवरून) सरकत नाही, आणि दुसऱ्या टोकाला दोरीसाठी भोक असावे. वरच्या बाजूला रंग ओला असतानाच कोरडी, खरखरीत वाळू पेरून त्यावर दुसरा हात द्यावा. कालव्यावरच्या बोटींवर परंपरेने काढतात ते गुलाब आणि किल्ले रंगवायची हौस असेल तर ती खालच्या बाजूला भागवावी. छपरावर उभी करून ठेवली की लोकांना दिसतेच.

आता काठी. कालव्यात मध्यावरदेखील चार-पाच फुटांहून अधिक पाणी क्वचितच असते, मग बारा फुटी काठी कशाला, असे विचारणाऱ्याने एकदा गाळात रुतलेल्या बोटीच्या नाळेवर उभे राहून पाहावे. डेक पाण्यापासून उंच असतो, काठी तिरपी धरावी लागते, तिचा फूट-दीड फूट भाग गाळ गिळतो, आणि एवढे होऊन दोन्ही हातांना पकड मिळेल इतकी ती वर उरावी लागते. सोळा-सतरा टनांची बोट हिसक्याने हलत नाही, संथ दाबाने हलते, आणि त्या दाबाखाली काठी वाकून पुन्हा सरळ झाली पाहिजे. कुऱ्हाडीचे दांडे इकडे ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचे करतात आणि जुने मालवाहू खलाशी त्याच लाकडाच्या काठ्या बाळगत, ते याच गुणामुळे. तुमचा पाइप एकदा वाकला की वाकलेलाच राहतो. शिवाय कालव्यावरून जिथे विजेच्या तारा जातात, तिथे लांब गळ वापरणाऱ्यांसाठी धोक्याच्या पाट्या लावलेल्या असतात. बारा फुटी धातूची नळी उभी धरणाऱ्यालाही त्या लागू आहेत.

शेवटचा मुद्दा असा की, लाकूड पाण्यात पडले तर तरंगते. ॲल्युमिनियमची फळी बुडते आणि आपण सगळे पाण्यात पडलेल्या किल्ल्या आणि पिना (बोट बांधायच्या लोखंडी खुंट्या) काढायला जे दोरीला बांधलेले चुंबक बाळगतो, त्याला ती चिकटत नाही.

बोटीवरची मावशी

कालवाकर, तुमचे लिखाण वाचून असे वाटते की, प्रत्येक बोटीवर एक धडधाकट पुरुष असतो आणि त्याच्या हाताखाली दुसरा असतो. मी सत्तावन्न फुटी बोटीवर एकटी राहते, साठी उलटली आहे आणि डावा खांदा वर जात नाही. तुमची आठ फुटी फळी कोरडी असतानाच दहा-बारा किलो भरते, आणि जानेवारीत पाणी पिऊन, वर बर्फाची साय धरून ती किती होते याचा अनुभव तुम्हाला असणारच. कोळशाच्या गोण्या आणि चिमणी यांमधून वाट काढत ती छपरावरून उतरवायची, अरुंद गनेलवर उभे राहून फिरवायची आणि काठावर नेमकी टेकवायची, हे मला जमत नाही. जी उतरवता येत नाही ती लाकडी फळी माझ्यापुरती तरी शोभाच आहे.

माझी फळी ॲल्युमिनियमची, पन्हळी पृष्ठभागाची आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना दोरी बांधलेली असते, त्यामुळे चुंबकाचा प्रश्न येत नाही. दोरी बांधायला विसरणाऱ्यांनी अवश्य तरंगणारी फळी घ्यावी.

आणि ॲशचे गुणगान करताना एक गोष्ट तुम्ही सोयीस्करपणे वगळली आहे. हे लाकूड चिवट आहे, पण उघड्यावर टिकाऊ नाही. व्हार्निश जिथे उडते, विशेषतः टोकाच्या लोखंडी टोपीखाली, तिथे ते आतून कुजत जाते आणि वरून धडधाकट दिसत राहते. त्यातच २०१२ साली ब्रिटनमध्ये ॲशच्या झाडांवरचा डायबॅक (फांद्या वाळवत नेणारा) रोग आढळला आणि तेव्हापासून तो पसरतोच आहे. लाकडाचीच काठी हवी असेल तर लार्च किंवा डग्लस फर ही सूचिपर्णी लाकडे पाहावीत.

कर्लीकाठचा

परदेशी लाकडांची एवढी यादी वाचून विचारावेसे वाटते की, या धाग्यावर सिंधुदुर्गातले कोणीच नाही काय? आमच्याकडचा माणगा हा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्याला काटे नसतात, तो सरळ वाढतो, वाकतो आणि परत येतो. खाडीत ओहोटीला होडी चिखलात बसली की आमच्या तरीवरचा (खाडी ओलांडायच्या होडीवरचा) माणूस ॲशचे झाड शोधत बसत नसे. इथल्या दुकानांत मात्र टोमॅटोला आधार द्यायच्या काटक्या ‘बांबू’ म्हणून विकतात आणि आपलीच माणसे त्यावरून बांबूला नावे ठेवतात, याचा मला मनस्वी राग येतो.

कालवाकर

माणग्याबद्दल आदर आहे, परंतु तुमच्या तरीवरची होडी चार माणसे खांदा लावून ढकलू शकतात, आणि इथे सतरा टन पोलाद दगडी काठाला घासत उभे असते. शिवाय तो माणगा कुडाळहून बर्मिंगहॅमला आणणार कोण, हेही सांगा.

मावशी, हलक्या फळीचा तुमचा मुद्दा तुमच्या खांद्यापुरता मान्य.

बोटीवरची मावशी

फार उपकार झाले.

ब्रॉन्स्टनचा बापू

लाकूड की धातू हा वाद घालणाऱ्यांनी भर ऑगस्टमध्ये उत्तर ऑक्सफर्ड कालव्यावर बोट बांधून बसावे. फळी पाण्यात जाते ती तिच्या लाकडामुळे नव्हे, तर वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे म्हणजे ४ मैलांनीच जायचे असते असे समजणाऱ्या सुट्टीकरांमुळे. बांधलेल्या बोटींजवळून इंजिन अगदी मंद करून जावे, हा साधा रिवाज आहे. तो न पाळणारी बोट जवळ आली की पाणी तिच्याकडे ओढले जाते, आपली बोट हातभर पुढे सरकते, मग तेवढीच मागे येते, आणि फळीचे काठावरचे टोक सुटते. आमच्या सौभाग्यवती धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन फळीच्या मधोमध असताना हे घडले. त्या काठाकडे उडी मारून वाचल्या, बादली गेली, आणि त्या बोटीवरच्या मंडळींनी हात हलवून ‘गुड मॉर्निंग’ म्हटले.

सुट्टीतला सुकाणू

बापू, आम्ही वर्षाआड भाड्याची बोट घेतो आणि दर वेळी कोणीतरी खिडकीतून डोके काढून ‘हळू’ म्हणून ओरडतो, अगदी आम्ही बदकांच्या मागे पडलेलो असतानासुद्धा. तुमची बोट हातभर पुढेमागे होते याचा अर्थ तुमच्या दोऱ्या सैल आहेत. पुढच्या आणि मागच्या दोरीशिवाय मधून तिरप्या दोन स्प्रिंग दोऱ्या लावल्या आणि लोखंडी कड असलेल्या काठाला पिना ठोकण्याऐवजी हुक अडकवले, तर बोट इतकी हलत नाही. भाड्याच्या बोटी देणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला हे दाखवले होते.

ब्रॉन्स्टनचा बापू

पहिल्या दिवशी अर्धा तास शिकून आलेल्याने मला बोट बांधायला शिकवावी, हे ऐकायचे राहिले होते. जिथे फळी लागते तिथे काठ उथळ आणि मऊ असतो, साहेब. तिथे लोखंडी कड नसते, हुक कशाला अडकवणार? पिनाच ठोकाव्या लागतात, आणि पावसाने भिजलेल्या मातीत पिन दोन हिसक्यांत उपटून येते. स्प्रिंग दोरी काय हवेत बांधायची?

सुट्टीतला सुकाणू

एका जागी दोन पिना तिरप्या, एकमेकींना छेद देऊन ठोका. की तेही अपमानास्पद आहे? माझ्यावर आवाज चढवण्याआधी एवढे सांगा, हेलकावणाऱ्या बोटीवरून टाकलेली फळी काठाला दोरीने का बांधलेली नव्हती?

बोटीवरची मावशी

बापू आणि सुकाणू, दोघांचेही निम्मे बरोबर आहे आणि उरलेले निम्मे केवळ आवाज आहे. फळीचे बोटीकडचे टोक बांधावे आणि काठाकडचे टोक हात-दीड हात आत मोकळे टेकू द्यावे, कारण दोन्ही टोके घट्ट बांधली तर बोट सरकताना फळी पिळवटते. तेवढी जास्तीची लांबी मिळावी म्हणूनच आठ फुटी फळी लागते. सहा फुटी फळीला सरकायला जागाच उरत नाही. श्रॉपशर युनियन कालव्यावर तर पाण्याखाली दगडी कंगोरा असल्याने बोट काठाला लागतच नाही. तिथे मी बाजूला छोटी चाके लोंबकळत सोडते म्हणजे रात्रभर ठोके बसत नाहीत, आणि फळी रोज टाकते.

कालवाकर

लांबीचा माझाच मुद्दा तुम्ही मला परत दिलात, त्याबद्दल आभार. काठीबद्दल मात्र कोणी बोलेना, म्हणून नवख्यांसाठी लिहितो. बोट रुतली तर आधी रिव्हर्स घ्यावा, माणसांना खोल पाण्याच्या बाजूला उभे करावे आणि मगच काठी उचलावी. काठीचे टोक पोटाला किंवा छातीला टेकवून रेटू नये, ती नेहमी अंगाच्या बाजूला धरावी, कारण बोट अकस्मात हलली की टोक कुठे जाईल हे सांगता येत नाही. गाळात अडकली तर पिळून काढावी, आणि निघत नसेल तर सोडून द्यावी.

सुट्टीतला सुकाणू

सप्टेंबरात वेल्समधल्या लँगोलनला, त्याच नावाच्या कालव्याने, जात आहोत. बोटीबरोबर नऊ फुटी काठी मिळणार आहे असे कळले. चालेल का? बापूंनी उत्तर दिले नाही तरी चालेल.

ब्रॉन्स्टनचा बापू

वाटेतल्या ट्रेव्हर गावाच्या पुढे कालवा इतका अरुंद आणि उथळ आहे की नऊ फुटी पुष्कळ झाली. तिथे वेगही आपोआप कमी होईल, तेवढीच जनतेची सेवा.

कालवाकर

चालेल, पण स्वतःची घ्याल तेव्हा बारा फुटीच घ्या. फळीच्या बाबतीत तडजोड झाली, काठीच्या बाबतीत मी एक इंचही मागे हटणार नाही.

बोटीवरची मावशी

इंच नको, दोन फूट कापा. लॉकमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी बदलणाऱ्या दरवाजांच्या हौदात, उतरताना छपरावरून उचललेली बारा फुटी काठी मी फिरवायला गेले की तिचे एक टोक शेजारच्या बोटीच्या खिडकीशी असते. दहा फुटी मला पुरते, आणि ती डग्लस फरची आहे.